दोन दिवसांच्या गोळ्या

आमच्या घरातली कुठलीच गोष्ट घरात राहत नाही. सकाळी दूध उतू गेलं की दुपारपर्यंत शनिवार पेठेतल्या माझ्या थोरल्या बहिणीला ते कळलेलं असतं, आणि संध्याकाळी ती फोन करून मला गॅस बारीक कसा ठेवावा हे शिकवते. अशा घरात राहून मी एक गोष्ट सहा वर्षं झाकून ठेवली आहे. नवऱ्याला माहीत नाही. बहिणीला नाही. ज्यांच्याबरोबर वीस वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला, त्या सहकाऱ्यांनाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — नाही, हे काही खरं कारण नव्हे. खरं कारण मलाही धड सांगता येत नाही. सांगते, एवढंच.

मी पॅथॉलॉजिस्ट होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पॅथॉलॉजिस्ट म्हटलं की लोकांना रक्त-लघवी आठवते. बहिणीची तर अजून समजूत आहे की मी आयुष्यभर त्या बाटल्याच तपासल्या. मी तुकडे बघायचे. शस्त्रक्रियेत काढलेला, सुईनं काढलेला, नळी घालून चिमट्यानं आणलेला — माणसाच्या शरीरातला तुकडा माझ्या विभागात यायचा, मेणात बसायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापला जायचा आणि स्लाइडवर चढवून गुलाबी-जांभळा रंगवला जायचा. मग मी सूक्ष्मदर्शकातून बघायचे आणि हे काय आहे ते लिहायचे. मी लिहिलं की ते तसं असायचं. त्यावर सही फक्त माझी.

आणि मी काटेकोर होते. माझ्या दारावर मी स्वतः पाटी लावली होती : ‘रिपोर्ट तयार झाल्यावर मिळेल. विचारल्याने लवकर तयार होत नाही.’ भले भले सर्जन ती वाचून परत फिरायचे. ‘जवळजवळ’ हा शब्द मी माझ्या विद्यार्थ्यांच्या तोंडून काढून टाकला होता. ते मला मागून काय म्हणायचे, तेही मला ठाऊक आहे. हे सगळं का सांगते आहे? तर, पुढचं वाचून तुम्हाला वाटू नये, की हे हलगर्जीपणातून झालं. हलगर्जीपणा असता तर तो कबूल करायला मला सहा वर्षं लागली नसती.

त्या काळात शहराला सगळ्याच बाबतीत मोठं व्हायचं होतं. हिंजवडीतल्या काचेच्या इमारती एव्हाना जुन्या झाल्या होत्या, कोथरूडमध्ये गाडी लावायला जागा उरली नव्हती, आणि आमच्या रुग्णालयाला फुप्फुसांचं प्रत्यारोपण करायचं होतं. हृदय झालं होतं, यकृत झालं होतं. फुप्फुसं राहिली होती. मला तीन आठवडे दक्षिणेतल्या एका मोठ्या रुग्णालयात शिकायला पाठवलं. तिथल्या पॅथॉलॉजिस्ट बाई माझ्याहूनही खडूस. त्यांच्याकडून मी जे शिकले ते तुम्हाला थोडं सांगावं लागेल, नाही तर मी काय केलं ते कळायचं नाही.

दुसऱ्याचं फुप्फुस बसवलं की शरीर त्याला ओळखत नाही. ओळखत नाही म्हणजे — परकं म्हणून बरोब्बर ओळखतं. रक्तातल्या लढणाऱ्या पेशी त्यावर चालून जातात. त्यांना आवरायला जन्मभर गोळ्या घ्यायच्या, सकाळी आणि रात्री, घड्याळ लावून. तरीही पेशी कधी कधी ऐकत नाहीत. ते वेळेत कळावं म्हणून डॉक्टर ठरावीक दिवसांनी श्वासनळीतून नळी घालतात आणि फुप्फुसाचे पाच-सहा कण चिमटून आणतात. ते माझ्याकडे येतात. चांगल्या फुप्फुसाची स्लाइड घावनासारखी दिसते, नुसती जाळी. नाकारणं सुरू झालं असेल तर त्या जाळीतल्या बारीक रक्तवाहिन्यांभोवती जांभळ्या ठिपक्यांचं कडं जमतं, फोडणी तडतडल्यावर कढईच्या काठाला मोहरी जमते तसं. कडं किती दाट, किती पसरलेलं, त्यावरून शून्य ते चार अशी प्रत द्यायची. एकला सहसा नुसतं लक्ष ठेवतात. दोनला उपचार करतात, आणि ताबडतोब.

एक आणि दोन यांच्यातला फरक त्या बाईंनी एका वाक्यात सांगितला होता. लहान भिंगातून, वरवर बघताना कडं दिसलं तर दोन. मोठं भिंग लावून शोधावं लागलं तर एक. दिसलेलं पुन्हा शोधत बसू नका, असंही त्या म्हणाल्या होत्या. मी ते वहीत लिहून त्याखाली रेघ मारली होती.

प्रवीण हा आमचा पहिला पेशंट. वाशिमकडचा मुलगा — मुलगा कसला, अडतीस वर्षांचा. हिंजवडीत एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचा. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधणं हे त्याचं काम. बायको मनीषा, कोथरूडच्या एका शाळेत पहिली-दुसरीला शिकवायची. मूल नव्हतं. त्याची फुप्फुसं काही कारण नसताना आक्रसत गेली होती. मी त्याचा चेहरा पाहण्याआधी त्याची जुनी फुप्फुसं पाहिली. एरवी फुप्फुसं स्पंजासारखी हलकी असतात; ही माझ्या टेबलावर आली तेव्हा बुटाच्या तळव्यासारखी कडक लागली हाताला. माझी माणसांशी ओळख अशीच व्हायची.

नवी फुप्फुसं चांगली चालली. तो तीन आठवड्यांत घरी गेला, दीड महिन्यात कर्वे रस्त्यावर संध्याकाळी फिरायला लागला. सगळ्यांना आनंद झाला, मलाही. तिसऱ्या महिन्यात नेहमीच्या तपासणीसाठी तुकडे काढले आणि ते माझ्याकडे आले. ती तपासणी मी अजून विसरलेले नाही.

गुरुवार होता, सकाळचे अकरा. एकाच तुकड्याचे तीन थरांवर काप घेतात, म्हणजे तीन स्लाइड. पहिलीत काही नव्हतं. दुसरीत काही नव्हतं. तिसरी लावली, लहान भिंगच होतं — आणि कडं दिसलं. एक नाही, दोन. शोधावं लागलं नाही. खिडकीतून बाहेर बघावं आणि समोरच्या गच्चीवर माणूस उभा असावा, इतकं सरळ. मी संगणकावर ‘दोन’ टाइप केलं. सही अजून केली नव्हती. आमच्याकडे सही होईपर्यंत रिपोर्ट कच्चा. तो कितीदाही बदला, कुठे नोंद राहत नाही.

तेवढ्यात प्रत्यारोपण विभागाच्या प्रमुखांचा फोन आला. त्यांना इथे मी नुसतं सर म्हणते. सर वाईट माणूस नव्हेत, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्हाला सगळं त्यांच्यावर ढकलावंसं वाटेल. मी सांगितलं की दोनकडे जातंय. ते हळूच म्हणाले, की पेशंटच्या थुंकीत बुरशी वाढली आहे. दोन असेल तर स्टिरॉइडचा मोठा डोस द्यावा लागेल, आणि बुरशी असताना तो दिला तर पेशंट हातचा जाईल. शिवाय तो ठणठणीत आहे, जिने चढतो आहे. मी पुन्हा एकदा बघावं, अशी त्यांनी विनंती केली. आणि मग म्हणाले, “मॅडम, शेवटी तुम्ही म्हणाल ते.”

यात धमकी होती का? नव्हती. मी अनेकदा आठवून पाहिलं आहे — आवाजात, शब्दांत, कुठेही नव्हती. असती तर मी ‘दोन’वर अडून बसले असते. धमक्यांना मी पुरून उरायचे. पण ‘तुम्ही म्हणाल ते’ यावर मला अडून बसता येईना. मी दोन म्हटलं आणि डोसानं बुरशी उसळून तो गेला, तर? पहिलाच पेशंट, माझा पहिलाच असा रिपोर्ट, आणि तीन आठवड्यांचं शिक्षण. आणि आणखीही एक होतं, तेही लिहितेच. रविवारी कोथरूडच्या एका सभागृहात रुग्णालयानं समारंभ ठेवला होता. प्रवीण स्वतःच्या पायांनी व्यासपीठाच्या पायऱ्या चढणार होता. निमंत्रणपत्रिकेत माझंही नाव होतं, आणि या वेळी ते बरोबर छापलं होतं.

काय करायला हवं होतं, ते मला ठाऊक होतं. दोन लिहायचं. बुरशीचं काय करायचं ते ठरवणं त्यांचं काम, माझं नव्हे. फार तर आणखी खोल काप मागवायचे, फोटो काढून दक्षिणेतल्या बाईंना पाठवायचे. त्यांनी तासाभरात उत्तर दिलं असतं. यातलं मी काही केलं नाही. मी भिंग बदललं.

मोठ्या भिंगाखाली कडं दिसत नाही. तिथे सुट्या पेशी दिसतात — पाच इथे, सात तिथे, मधे मोकळी जागा. मी त्या मोजत बसले. जे आधीच दिसलं होतं ते शोधल्याचं सोंग केलं, आणि कुणासमोर? खोलीत मी एकटी होते. मग मी दोन खोडून एक केलं. खाली आमचं नेहमीचं वाक्य टाकलं : ‘रुग्णाच्या स्थितीशी ताडून पाहावे.’ आम्हा पॅथॉलॉजिस्टांचा तो अटकपूर्व जामीन. सही केली. जेवायला गेले. त्या दिवशी डब्यात भरली वांगी होती आणि मी ती सगळी खाल्ली.

रविवारी प्रवीण पायऱ्या चढला. लोक उभे राहिले. मला शाल आणि नारळ मिळाला. त्यानं खाली उतरून माझ्या पायांना हात लावला, तेव्हा मी त्याला पहिल्यांदा जवळून पाहिलं. दाढी नुकती केलेली, हनुवटीवर कापल्याची बारीक खूण. मनीषा मागे उभी होती. तिच्या खांद्याला एक पर्स होती आणि ती सारखी घड्याळ बघत होती. आठ वाजता त्याची गोळी असायची.

पाच आठवड्यांनी ते दोघं वाशिमकडे गेले, प्रवीणच्या पुतणीच्या लग्नाला. सरांनी परवानगी दिली होती, तोंडाला मास्क लावून, गर्दीत न बसता. जाताना पिशव्या चार, आहेर, डबे, आणि गोळ्यांचा डबा फ्रिजवर राहिला. तिथे पोचल्यावर कळलं. तसल्या गोळ्या त्या गावात काय, जिल्ह्यात मिळेनात. शेजाऱ्यांनी किल्लीनं घर उघडून डबा ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हाती दिला, तो तिसऱ्या दिवशी सकाळी पोचला. दोन दिवसांच्या गोळ्या बुडाल्या. आता मी विचार करते — त्याच्या गोळ्या त्याला आठवायला नको होत्या? हा प्रश्न तेव्हा कुणालाच पडला नाही. डबा बायकोनं घ्यायचा असतो, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं, त्यानंही, तिनंही, मीसुद्धा.

परत आल्यावर पंधरा दिवसांत त्याचा श्वास कमी पडायला लागला. पुन्हा तुकडे काढले. या वेळी लहान-मोठ्या भिंगाचा प्रश्नच नव्हता. कडी एकमेकांत मिसळून जाळीच्या भिंतींत पसरली होती. मी तीन लिहिलं. मोठे डोस दिले गेले. बुरशी त्यांनी औषधानं आवरली, व्यवस्थित आवरली — म्हणजे आधीही आवरता आली असती. पण श्वास पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. त्याच्या पुढच्या तपासणीत मला बारीक श्वासनलिकांच्या आत गुलाबी व्रण दिसायला लागले. नळीच्या पोकळीतच व्रण भरतो आणि हवेची वाट बुजते. ते सुरू झालं की मागे नेता येत नाही.

तीनच्या त्या रिपोर्टनंतर विभागाची बैठक झाली. समन्वयक सिस्टरनी गोळ्यांच्या दोन दिवसांची हकिकत वाचून दाखवली. खोलीतले खांदे सैल झालेले मी पाहिले. कारण सापडलं होतं, आणि ते आमच्यापैकी कुणाकडेही नव्हतं. सरांनी माझ्याकडे वळून विचारलं, “मॅडम, लग्नाला जायच्या आधी तर काही नव्हतं ना?”

मी म्हणाले, “रिपोर्ट एकचा होता.”

इतकंच. बैठक संपली. खोलीत परतल्यावर मी जुन्या तिन्ही स्लाइड काढल्या आणि तिसरी लावली. कडं तिथेच होतं. लग्नाच्या पाच आठवडे आधीपासून तिथे होतं, गोळी एकही चुकलेली नसताना. मी ती स्लाइड ट्रेमध्ये परत ठेवली नाही. माझ्या खणात ठेवली.

आता जे सांगायचं आहे ते आलं. इथवर जे सांगितलं ते वाईट आहे, पण त्याला नाव आहे, तसं इतरांच्याही हातून झालेलं असेल. पुढचं माझं एकटीचं आहे. मी मघापासून त्याच्याभोवती फिरते आहे, तुमच्या लक्षात आलंच असेल.

पावसाळ्याच्या शेवटी दक्षिणेतल्या त्याच रुग्णालयाचं मत घ्यायचं असं प्रवीणच्या घरच्यांनी ठरवलं. आपल्याकडे अशा वेळी नातेवाईक अर्ज करून स्लाइड आणि मेणातला तुकडा, ज्याला आम्ही ब्लॉक म्हणतो, तो घेऊन जातात. खिडकीवरचा कारकून ते देतो. मी कधी बाहेरही येत नसे. त्या दिवशी अर्जावरचं नाव पाहिलं आणि कारकुनाला म्हणाले, बाईंना आत पाठवा. का? ती काय घेऊन जाते आहे, हे मला माझ्या हातांनी ठरवायचं होतं. दुसरं काही नाही.

मनीषा आली. शाळेतूनच आली होती, हाताला खडू लागलेला. अर्ज पुस्तकातल्यासारख्या वळणदार अक्षरात होता. तिनं पहिल्या तपासणीच्याही स्लाइड मागितल्या होत्या. नंतरच्या तपासण्यांच्या मी सगळ्या दिल्या; पहिल्या तपासणीतली मात्र फक्त पहिली आणि दुसरी. ब्लॉकचं विचारल्यावर म्हणाले, त्यात आता काही उरलेलं नाही, कापून संपला. तो माझ्या मागच्या कपाटात होता, आणि त्यात भरपूर उरलेलं होतं. तिनं मान डोलावली आणि सगळ्या स्लाइड रुमालात गुंडाळल्या. मग उठली नाही. मोबाइल काढून मला प्रवीणच्या फुंकरीचे आकडे दाखवायला लागली. तो रोज सकाळी घरी एका यंत्रात फुंकर मारायचा आणि ती आकडा लिहून ठेवायची. लग्नाला जायच्या दहा दिवस आधीपासून आकडा हळूहळू उतरत होता. तिला वाटलं होतं, यंत्र बिघडलं असावं.

म्हणजे बघा, तिच्या हातात ते होतं. तिनं ते माझ्यासमोर टेबलावर ठेवलं होतं. मी फक्त बोट ठेवून म्हणायचं होतं, की हे जायच्या आधीपासूनचं आहे, आणि मला ते तेव्हाच दिसलं होतं.

एरवी ती आमच्यासारखंच बोलायची. त्या वेळी तिची भाषा घरची झाली. “मॅडम, खरं सांगजा,” ती म्हणाली. “गोळ्याचा डबा मीच विसरली. बाकी सारे म्हणतात, असं होतंच कधी कधी. मले माहीत आहे, ते माह्या समाधानासाठी म्हणतात. तुम्ही तर आतलं पाहिलं आहे. हे माह्याच हातानं झालं का?”

मी चष्मा काढला आणि पुसला. आणि म्हणाले, “दोन दिवसांचा खंडही महागात पडू शकतो.”

हे वाक्य कुठल्याही पुस्तकात सापडेल. शब्दशः खरं आहे. मी ते आधी तयार केलेलं नव्हतं, पण तोंडातून आलं तेव्हा इतकं घोटीव होतं, की माझं मलाच आश्चर्य वाटलं. ती रडली नाही. “हो,” म्हणाली. मग पुन्हा एकदा, “हो ना.” जणू बऱ्याच दिवसांचं अडलेलं गणित कुणी तरी सोडवून दिलं. तिनं मला नमस्कार केला, रुमाल पर्समध्ये ठेवला आणि दार हळू लावून गेली. मी त्या दिवशी आणखी अकरा रिपोर्ट केले. सगळे अचूक.

दक्षिणेतल्या बाईंचं मत आलं : पाठवलेल्या सामग्रीत आमच्या रिपोर्टशी विसंगत काही आढळत नाही. प्रवीण दिवाळीनंतर गेला.

मी तेव्हा दोन लिहिलं असतं तर तो वाचला असता का? ठाऊक नाही. वेळेत उपचार होऊनही अशी माणसं जातात. हा विचार मी सोयीसाठी जवळ ठेवला होता आणि बरेच महिने तो मला पुरला. पण मनीषानं मला तो प्रश्न विचारलाच नव्हता. तिनं तिच्याबद्दल विचारलं होतं. त्याचं उत्तर मला ठाऊक होतं, नक्की, आणि त्यात ‘जवळजवळ’ नव्हतं.

तेराव्यानंतर ती वाशिमकडून पुण्याला परत आली. सिस्टरकडून कळायचं. तिची सासू तिच्या हातचं पाणी घेत नाही. दिरानं सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. आणि ती उलट बोलत नाही. त्यांचं बरोबरच आहे, म्हणते. मी ऐकायचे आणि विषय बदलायचे. स्लाइड खणात होती. ती घेऊन कोथरूडला जायला रिक्षानं वीस मिनिटं लागतात. एकदा मी अर्ध्या वाटेपर्यंत गेलेही, आणि पौड फाट्यावर उतरून भाजी घेऊन परत आले.

नंतर रुग्णालयानं दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एक बैठक सुरू केली. प्रत्यारोपणाची वाट बघणारे पेशंट आणि त्यांचे घरचे येतात, साडेदहाला, तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. फुप्फुस नाकारलं जातं तेव्हा आत काय होतं, ते चित्रं दाखवून सोप्या भाषेत सांगावं, असं मला सांगण्यात आलं. मी गेले. कड्याचं चित्र दुसऱ्या पेशंटचं घेतलं होतं. लोकांनी लक्ष देऊन ऐकलं, दोन-तीन प्रश्न विचारले. मग सिस्टर म्हणाल्या, की आता आपल्याशी एक ताई बोलणार आहेत, आणि मनीषा उठली. ती येणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ती छान बोलते. मास्तरीणच ती. तिनं सगळ्यांना पर्समधून रिकामा डबा काढून दाखवला आणि लहान मुलांकडून वदवून घ्यावं तसं म्हणवून घेतलं — डबा अंगावर, पिशवीत नाही, बॅगेत नाही. लोक हसले, म्हणाले. मग ती थांबली आणि त्याच आवाजात म्हणाली, “मी दोन दिवस विसरले आणि माझे मिस्टर गेले. तुम्ही विसरू नका.” पुढच्या रांगेत एक तरुण बाई ऑक्सिजन लावलेल्या नवऱ्याशेजारी बसली होती, ती तोंडाला पदर लावून रडायला लागली. मनीषानं जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवला.

मग तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. “सगळे मला समजावत होते,” ती लोकांना म्हणाली. “खरं फक्त ह्या मॅडमनी सांगितलं. त्यांच्यामुळे मी आज तुमच्यासमोर उभी आहे.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे वळून वाजवल्या. मी उभी राहिले. तेवढंच माझ्या हातून झालं — उभी राहिले, हात जोडले आणि खाली बसले. चहाच्या वेळी तिनं स्वतः मला कप आणून दिला आणि म्हणाली, की मी किती सोपं करून सांगते. मी तो चहा प्यायले.

त्यानंतरच्या बैठकांना मी काही ना काही कारण सांगून गेले नाही. मग निवृत्तच झाले. आता तिला सांगायचं म्हटलं तर काय होईल, हे मी पुष्कळदा मनात मांडून पाहिलं आहे. तिच्याकडे नवरा नाही. त्याच्याबद्दलचा दोष मात्र तिनं पत्करला आहे, त्यातून काही तरी कामाचं बनवलं आहे, आणि त्या कामावर ती उभी आहे. ते काढून घेतलं तर? — बघा, हीही सोयच. सांगायला धीर नाही, एवढं सरळ आहे ते. तिच्या भल्याचा विचार मी तेव्हा केला नाही आणि आत्ताही करत नाही आहे.

सिस्टर अधूनमधून फोन करतात. मनीषाचा एकही शनिवार चुकलेला नाही, म्हणाल्या. शाळेतून रजा काढून येते. हल्ली तर नव्या लोकांना आधी तिचंच ऐकवतात, बाकीचे डॉक्टर मागून.

परवा महिन्याचा पहिला शनिवार आहे. साडेदहाला ती उठून उभी राहील आणि सांगेल, की मी दोन दिवस विसरले आणि माझे मिस्टर गेले. मला ते माहीत आहे, आणि साडेदहाला मी घरी असेन.